उलटा फर्मा

कल्पना करा, शाळा सुटल्यावर तुम्ही घरी न जाता आईच्या कामाच्या ठिकाणी जाता. तिथे खळीचा वास भरून राहिलाय, कागद कापायचं यंत्र घरघरतंय आणि कोपऱ्यातल्या कागदांच्या गठ्ठ्यावर तुमची बसायची जागा ठरलेली आहे. बसलात? आता समोर बघा. तुमची आई दुसऱ्याच एका मुलीचा हात हातात घेऊन तिला सुई कशी चालवायची ते शिकवतेय.

मुंगीला हे रोज बघावं लागायचं. मुंगी म्हणजे नऊ वर्षांची, अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत. तिची आई पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होती. वर्षभरात तिथे तीन मुली लागल्या आणि तिघीही सोडून गेल्या. दिवसभर नुसते कागद दुमडायचे आणि काही विचारलं की मालक खेकसणार. कोण राहील? त्यांचं काम मग आईच्या अंगावर पडायचं.

शेवटी आई मालकांना म्हणाली, "मला रोज अर्धा तास द्या, मी शिकवते. आणि चुका करायला रद्दी द्या."

त्यानंतर जी मुलगी आली, तिला सगळे 'नवी'च म्हणत. चार महिने झाले तरी टिकली होती.

घरी मुंगीने गणित विचारलं की आई म्हणायची, "उद्या गं राणी, डोळे मिटतायत माझे." आणि इथे? "वा, काय सुरेख टाका पडलाय!" ते ऐकलं की मुंगीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"काय मुंगीबाई, आज गाल का फुगलेत?" नवीने विचारलं.

"माझ्याशी बोलू नकोस. ती माझी आई आहे."

"अगं, मी कुठे पळवून नेतेय तिला!" नवी हसली आणि खळीचे हात धुवायला गेली.

टेबलावर तिने फर्मे रचून ठेवले होते. मोठा कागद दुमडून सोळा पानांची जी घडी होते, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे ओळीने शिवले की पुस्तक होतं. नवीने ते एकेक तपासून लावले होते. मुंगी उठली, मधला एक फर्मा ओढला, उलटा केला आणि परत सरकवला. नवी आली आणि तिने ते तसेच शिवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक ते पुस्तक नाचवतच आले. "सोळा पानं डोक्यावर उभी! हेच शिकवता का अर्धा अर्धा तास?"

नवीचा चेहरा उतरला. "मी तपासले होते हो..."

"हात धुऊन आल्यावर पुन्हा बघायचं असतं, ते मीच सांगायचं विसरले," आई म्हणाली. "चूक माझी आहे."

"मग बंद करा ती शाळा! उद्यापासून नुसतं काम."

नवीने ॲप्रनची गाठ सोडली. "मग उद्यापासून मीही येत नाही. पलीकडच्या छापखान्यात पगार जास्त आहे. इथे शिकायला मिळत होतं, कुणी टाकून बोलत नव्हतं, म्हणून राहिले होते."

मुंगीला हवं होतं तेच घडत होतं. पण आई मटकन स्टुलावर बसली होती आणि नुसती त्या ॲप्रनकडे बघत होती. मालकांनी एवढं सुनावलं तेव्हासुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता.

मुंगी गठ्ठ्यावरून खाली उतरली. तिने मालकांच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं.

"हिने नीटच लावलं होतं. मी फिरवलं. मला हिचा राग आला होता."

आईकडे बघायची मुंगीची हिंमत झाली नाही. ती सरळ नवीच्या टेबलापाशी गेली, उंच स्टुलावर कशीबशी चढली, पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि नवीला म्हणाली, "ताई, उसवायचं कुठून, ते दाखव."