सरासरी सात शिंका

लालबागच्या मसाला गल्लीत गंगुबाई परबांचं मिरच्या कुटून देण्याचं दुकान आहे. वर्षाच्या मसाल्याचे दिवस आले की तिथे सगळेच शिंकत असतात. गंगुबाईंची भाची रुपाली माटुंग्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिला आणि तिच्या वर्गातल्या नॅन्सीला मिळून एक प्रोजेक्ट करायचा होता. आत्याच्या दुकानात पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि विषय ठरला : एक गिऱ्हाईक किती वेळा शिंकतं?

त्यांनी शंभर गिऱ्हाइकं मोजली आणि तक्ता केला. डावीकडे शिंका, शून्यापासून चौदापर्यंत; उजवीकडे तेवढ्या वेळा शिंकलेली माणसं. चौदासमोर एकच गृहस्थ होते, पण त्यांना मोजताना नॅन्सी हसून हसून खालीच बसली होती.

तिथेच धण्याच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून त्यांनी तक्ता सॉफ्टवेअरमध्ये भरला. सरासरी आली सात.

"सात!" नॅन्सी किंचाळली.

"अगो बाय! माझी मिरची आसाच तशी!" म्हणत गंगुबाईंनी खडू घेतला आणि दारातल्या फळ्यावर लिहून टाकलं : 'येथे सरासरी सात शिंका येतात.'

दुसऱ्या दिवशी ही गर्दी! भोईवाड्यातून माणसं खास शिंकायला आली. कुणी शिंकलं की रांग ओरडायची, "तीन! चार!"

संध्याकाळी रिपोर्ट लिहिताना रुपाली थबकली. सरासरीच्या खालीच सॉफ्टवेअरने एकूण नोंदी दाखवल्या होत्या : शंभर नव्हे, पंधरा. तिने नॅन्सीला फोन लावला.

"अगं, सॉफ्टवेअरने नुसत्या ओळी मोजल्यात! चौदावाले काका एकटे, शून्यवाले पंचवीस, पण त्याला दोन्ही सारखेच. उजवीकडचा कॉलम म्हणजे माणसं, हे आपण त्याला सांगितलंच नाही!"

"मग आता सांग ना!"

सांगितलं. सरासरी पावणेदोन; मध्यक, म्हणजे सगळ्यांना शिंकांच्या क्रमाने उभं केलं तर मधल्याच्या शिंका, एक.  दोघी अशा हसत सुटल्या की नॅन्सीची आई विल्मा काय झालं म्हणून धावत आली.

सकाळी भरल्या दुकानात रुपालीने सांगून टाकलं, "आत्ये, सात नाही गं. पावणेदोन. आमचं चुकलं."

गंगुबाईंनी पदराने फळा पुसला आणि खडू भाचीच्या हातात दिला. "खरा काय ता लिही."

तेवढ्यात पुढच्या बाई म्हणाल्या, "पावणेदोन? मी तर आत्ताच चार शिंकले!"

"मग मावशी, तुम्ही सरासरीच्या वर!" नॅन्सी म्हणाली.

झालं! "माझ्या पाच!" "माझ्या सहा, पोरीला विचारा!" सगळी रांग सरासरीच्या वर चढली. एक किडकिडीत गृहस्थ तेवढे मागे ओशाळून उभे होते. "मला एकच आली हो."

"काका, तुम्ही तर बरोब्बर मध्यक!" रुपाली म्हणाली. "शिंकांच्या रांगेत अगदी मधोमध!"

काकांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि बायकोला फोन लावला.