घट्ट पकड

भाचीला जुळं झालं त्या वर्षी, एका रविवारी सकाळी, कानसेनांनी बहिणीच्या घराचं दार पायानेच ढकललं. दोन्ही हातांत खोकी होती, आणि ती खाली ठेवण्याइतकी त्या घरातली फरशी स्वच्छ असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. आत तान्ही आळीपाळीने रडत होती. एकाचा दम संपला की दुसरं सुरू.

“मामा, हळू,” एक पोर खांद्यावर थोपटत भाची म्हणाली. “आईला आत्ता कुठे जरा शांत वाटतंय.”

“या कोलाहलात?” कानसेन म्हणाले आणि खोकी छातीशी धरून आत गेले.

कानसेन हे नाव त्यांना नातेवाइकांनी टिंगलीने ठेवलं होतं. त्यांनी ते पदवीसारखं अंगाखांद्यावर मिरवलं. सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानदारांची वजनं तपासायची, खोटी निघाली की जप्त करायची. निवृत्त झाल्यावर जप्त करायला काही उरलं नाही, तेव्हा तीच नजर त्यांनी लोकांच्या कानांकडे वळवली. एका मासिकात हेडफोनची तुलना करणारं सदर ते लिहू लागले. खर्ज कसा, वरचा सूर चिरतो का, डोक्यावर पकड कशी, सगळ्याला गुण. त्यांच्या हिशेबाने माणसांत दोनच जाती होत्या. एक ऐकणाऱ्यांची. तीत ते स्वतः आणि मासिकाचे संपादक, तेही संपादकांना सर्दी नसेल तेव्हा. बाकीच्यांना नुसते कान होते, चष्मा अडकवायला.

ताई या बाकीच्यांतही तळाला होती. लहानपणापासून तिला समोर वाजेल ते चालायचं. आता तिच्या डोक्यात गाठ झाली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि गोळ्यांनी दुखणं जेमतेम अर्धं दबायचं. नातवंडांचं रडणं सोसेना म्हणून भाचीने तिला फुटपाथवरून एक पिवळा हेडफोन आणून दिला होता. हे फोनवर कळल्यापासून कानसेनांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ताई जाणार, हे त्यांनी मनाशी कबूल केलं होतं. पण फुटपाथवरचं डबडं कानाला लावून जाणार, हे नाही. जाण्याआधी एकदा तरी तिने नीट ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. डोक्यावर तो पिवळा प्रकार. कोपऱ्यात भाऊजी, तिचा नवरा, पेपर तोंडावर धरून बसले होते.

“काय ऐकतेस?” कानसेनांनी तिचा एक कान मोकळा करून विचारलं.

“बेगोनियाची पानं का गळतात ते. कुंडीतल्या झाडांचा कार्यक्रम लागतो फोनवरच्या रेडिओत.”

“घरात बेगोनिया आहे?”

“नाही.”

“दुसरं कुठलं झाड?”

“नाही रे. पण तो माणूस किती काळजीने सांगतो.”

कानसेनांनी डोळे मिटले, उघडले आणि पहिलं खोकं सोडलं. त्यातून लाकडी वाट्यांचा, मखमली गादीचा हेडफोन निघाला. तो त्यांनी स्वतःच्या हाताने तिला घातला. बोट वर करून म्हणाले, “आता ऐक. घाई करू नकोस.”

ताईने ऐकलं. कपाळाला आठ्या पडल्या.

“त्याला दमा आहे का रे?”

“कोणाला?”

“झाडवाल्याला. केवढ्याने श्वास घेतोय.”

“अगं, तोच तर बारकावा! आजवर तुला त्याचा श्वास कधी ऐकू आला होता?”

“मला काय करायचाय त्याचा श्वास?”

दुसरा हेडफोन पिसासारखा हलका. डोक्यावर काही आहे हे कळू नये अशी त्याची ख्याती, आणि कानसेनांनी त्याला पकडीचे पैकीच्या पैकी गुण दिलेले. ताईने तो घातला, थोड्या वेळाने काढून मांडीवर ठेवला आणि बोटांच्या पेरांनी कानशिलं चोळली. मग चाचपडत खिडकीतला पिवळा उचलला आणि पुन्हा डोक्यावर चढवला.

“यात बरं वाटतं,” ती म्हणाली.

“बरं!” कानसेनांनी तो शब्द दोन बोटांत धरलेल्या झुरळासारखा उच्चारला. “बरं हा काय निकाल झाला? काय बरं? खर्ज बरा? स्पष्टता बरी? ताई, बरं हवेला म्हणतात.”

“मलाही बराच वाटला होता तो,” पेपरामागून आवाज आला.

“तुम्ही नका बोलू, भाऊजी. तुमच्या सत्काराच्या भाषणात तुम्ही स्वतः घोरत होता.”

“भाषण तुमचं होतं,” भाऊजी म्हणाले आणि पान उलटलं.

कानसेनांनी ताईच्या डोक्यावरून पिवळा काढून स्वतःच्या डोक्यावर घातला. आवाज तर पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा होताच. पण त्याहून वाईट ती पकड. पक्कड लावावी तशी दोन्ही बाजूंनी आवळत होती.

“हा हेडफोन आहे की अडकित्ता?” ते म्हणाले. “आवडीला औषध नाही, तेव्हा वापर हाच. पण यातला छळ तरी कमी करून देतो.”

“मामा, राहू दे ना,” भाची दारातून म्हणाली. “तिला आवडलाय तसा.”

“आवडायला आधी कळावं लागतं.”

त्यांनी वरची पट्टी दोन्ही हातांत धरली, गुडघ्यावर टेकवली आणि उलट्या बाजूने वाकवली. पुन्हा घालून पाहिली. पुन्हा वाकवली. खोटं वजन घासून नेमकं करावं तसं मन लावून ते वाकवत राहिले, आणि पिवळा हेडफोन जेव्हा डोक्यावर नुसता टेकून राहू लागला तेव्हा त्यांनी तो ताईला दिला.

तिने घातला. तो घसरून कानांखाली आला. तिने वर सारला, परत आला.

“छान केलंस,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने तो काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा कानशिलं चोळू लागली. कानसेनांनी ते पाहिलं. स्वतःच्या आवडीची लाज वाटली असेल, असं त्यांना वाटलं आणि मनातून जरा समाधानही झालं. लाज ही शिकण्याची पहिली पायरी. खोकी आवरून ते दाराशी आले, बुटात एक पाय घातला आणि निघताना आजारी माणसाला विचारतात तसं विचारलं,

“येतो मग. गोळ्या घे वेळेवर. बरं वाटतंय ना आता?”

“मघाशी वाटत होतं,” ताई म्हणाली.

त्यात तक्रार नव्हती. किती वाजले विचारल्यावर वेळ सांगावी तसं तिने सांगितलं होतं. कानसेनांचा दुसरा पाय बुटाबाहेरच राहिला.

“कुठे?” त्यांनी विचारलं.

ताईने दोन्ही कानशिलांना बोटं लावली. “इथे.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. यात बरं वाटतं म्हणाले.”

खोलीत एक पोर तेवढं रडत होतं. भाऊजींनी पेपर खाली घेतला होता आणि ते कानसेनांकडे बघत होते, पहिल्यांदाच, पूर्ण जागे.

कानसेन परत आले. पिवळा हेडफोन उचलून त्यांनी पट्टी पहिल्यासारखी आत दाबली, थोडी, मग आणखी थोडी. पट्टी मधोमध काडकन तुटली.

“दुसरा मिळेल का त्या फुटपाथवाल्याकडे?” त्यांनी भाचीला विचारलं.

“बघते उद्या. तो माणूस रोज बसत नाही तिथे.”

त्यांनी घातलेला बूट काढला, ताईच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही तळवे तिच्या कानशिलांवर ठेवले. ताईचं डोकं त्यांना वाटलं होतं त्याहून लहान निघालं.

“जास्त होतंय का?”

“अजून.”

त्यांनी दाबलं.

“अजून रे. मोडत नाही मी.”

भाचीने तुटक्या हेडफोनची वायर काढली, आणि टेबलावरच्या फोनमधून झाडवाला आता सगळ्या खोलीला सांगत होता, पाणी कसं घालावं, किती घालावं. आवाज फुटका, खर्जाचा पत्ता नाही.

“मूर्ख आहे हा,” कानसेन म्हणाले. “एवढं पाणी घातलं तर मुळं कुजतील.”

“तुला काय कळतं त्यातलं?” ताई डोळे मिटूनच म्हणाली. “गप्प. ऐकू दे.”

ताई त्याच वर्षी गेली. जुळी रांगायला लागली त्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी.