पाहुण्यांची टाळी

धायरीच्या शाळेमागच्या मैदानात दोन लोखंडी खांब होते. दत्तोबांच्या वडिलांनी ते काल्याची हंडी बांधायला रोवले होते. वर्षातून एकदा, हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, कीर्तन संपलं की त्या खांबांमधल्या दोरीवर दहीलाह्यांची हंडी चढायची. बाकी वर्षभर गावातली पोरं त्याच खांबांमधून चेंडू मारायची. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर धायरीत फुटबॉल आणला तो पांडुरंगानं. पण त्यानं ही गोष्ट कधी बोलून दाखवली नाही. आप्पासाहेबांनी मात्र दाखवली, आणि तीही माइकवरून.

आप्पासाहेब दत्तोबांच्या भावकीतले. आधी स्वतःची जमीन विकून आणि मग दुसऱ्यांची विकून ते बिल्डर झाले होते. देशातली मोठी फुटबॉल लीग आता वाढवणार, नव्या शहरांना नवे संघ देणार, पण ज्याच्याकडे चांगलं स्टेडियम त्यालाच संघ मिळणार, असं ठरलं. तेव्हा आप्पासाहेबांना एकाएकी लहानपणी खेळलेला फुटबॉल आठवला. ते कागदाची गुंडाळी काखेत घालून दत्तोबांच्या दारात आले. मैदान गावच्या ट्रस्टचं होतं आणि ट्रस्टचे अध्यक्ष दत्तोबा होते, हा केवळ योगायोग.

"दादा, संघाचं नाव ठरलंय. धायरी डायनॅमोज."

"डायनामा?" चहा घेऊन आलेल्या सरुबाई उंबऱ्यातच थांबल्या. "सायकलीला असायचा त्यो? चाक फिरलं की उजेड, थांबलं की अंधार?"

"वहिनी, इंग्रजी नाव आहे ते."

"असंल की. अंधार काय मराठीतच पडतो व्हय?"

दत्तोबांचं लक्ष चित्राकडे होतं. चित्रात छत होतं, दिवे होते, बायांसाठी रांगेनं स्वच्छतागृहं होती. सप्ताहात उन्हाचं काय करायचं आणि बायांची सोय कुठं करायची, या दोन काळज्यांनी ते दरवर्षी अर्धे व्हायचे. तरी त्यांनी विचारलंच, "आन् काला?"

वडिलांनी शेवटच्या आजारात इस्टेटीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, की काला जागचा हलवू नको. दत्तोबांनी त्यांच्या पायावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

"काला तिथंच!" आप्पासाहेबांनी छातीवर हात ठेवला. "छताखाली, दिव्यांच्या उजेडात. शब्द आहे माझा."

दत्तोबांनी सही केली. शब्द देणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता चित्राकडे पाहून सही केली, एवढीच काय ती चूक.

स्टेडियम उभं राहीपर्यंत सप्ताह एका मंगल कार्यालयात झाला. काल्याला हंडी पंख्याच्या हुकाला बांधली. दत्तोबांनी मनातल्या मनात वडिलांची माफी मागितली आणि पुढच्या वर्षाचा वायदा केला.

मग एका सकाळी ते नवं मैदान पाहायला गेले. आत पाऊल टाकताच डोळे निवले. एवढं हिरवं त्यांनी कधी गणपतीच्या दूर्वांतही पाहिलं नव्हतं. सवयीनं त्यांनी कडेला चपला काढल्या आणि अनवाणी गवतावर पाय ठेवणार, तोच पाण्याची नळी टाकून एक माणूस धावत आला. तो रतन, यवतमाळकडून आलेला. गवताची राखण त्याच्याकडे होती.

"ओ बावाजी! नोका जाऊ तिकडं. बूट पाह्यजे, खिळ्यांचे."

"आरं, चपला काढल्या की मी."

"म्हून तं म्हन्तो ना जी. बुटाबिगर पाय ठेवाचा नाही, असा रूल हाय."

दत्तोबा हातात चपला घेऊन उभे राहिले. आमच्यात काढल्याशिवाय आत येऊ देत नाहीत, यांच्यात घातल्याशिवाय! कुठल्याही देवळाचा नसेल एवढा कडक सोवळ्याचा नियम या गवताला होता. त्याचा विमासुद्धा उतरवला होता म्हणे.

"गवत बाहीरचं दिसतंय," दत्तोबा म्हणाले.

"गवत बाहीरचं, बावाजी. खाली माती तुमचीच."

तेवढ्यावर समाधान मानून ते आप्पासाहेबांच्या ऑफिसात गेले. "आप्पा, काल्याला माणसं बसायची कुठं?"

"खुर्च्या आहेत की दादा. बकेट चेअर!"

"खुर्चीत बसून काला? आन् खांब तर उपटले, हंडी कुठं बांधायची?"

"बघू, बघू," आप्पासाहेब म्हणाले. पुण्यात 'बघू' म्हटलं की बघण्याचं काम तिथंच संपतं, हे दत्तोबांना कळत होतं. धायरी पुण्यात गेल्यापासून तेवढं एक त्यांना पक्कं शिकायला मिळालं होतं.

पण देवाची करणी म्हणा नाहीतर कोथरूडच्या प्रेक्षकांची, डायनॅमोजच्या सामन्यांना कुणी येईना. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून यायचं, पार्किंग शोधायचं आणि आपला संघ हरताना पाहायचं, एवढा भक्तिभाव शहरात उरला नव्हता. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या. लीगनं कळवलं, की मोसम संपेपर्यंत प्रेक्षक दिसले नाहीत तर हे ठिकाण काढून दुसऱ्या शहराला देऊ. आप्पासाहेब पुन्हा दत्तोबांच्या ओटीवर आले. या वेळी काखेत काही नव्हतं.

"दादा, सप्ताहाला तुमची माणसं किती जमतात?"

"मांडवात मावत न्हाईत येवढी."

"ती मॅचला आणा. फुकट पास देतो, बस देतो, नाश्ता देतो."

सरुबाई आतूनच म्हणाल्या, "डायनाम्याला पाय मारायला माणसं पायजेत वाटतं."

दत्तोबांनी प्रथमच व्यवहार केला. "आणतो. पण सप्ताहात काल्याचं कीर्तन गवतावर. हंडी बी तिथंच."

आप्पासाहेबांनी पुन्हा छातीवर हात ठेवला. जागा तीच होती, शब्दही तोच.

आणि माणसं आली! धायरीची, नऱ्ह्याची, कात्रजची भजनी मंडळं आली, बिबवेवाडीच्या बायांचा हरिपाठाचा गट आला. पांढऱ्या टोप्या, कपाळाला बुक्का, प्रत्येकाच्या गळ्यात टाळ. गेटवरच्या सुरक्षारक्षकांनी टाळ काढून घेतले. धातूची वस्तू आत चालत नाही म्हणाले. त्यामुळे माउलींकडे वाजवायला उरले ते फक्त दोन हात.

आता इथं धायरीची एक रीत सांगितली पाहिजे. सप्ताहात बाहेरगावचं भजनी मंडळ सेवेला आलं की त्याला गावच्या मंडळापेक्षा मोठी टाळी द्यायची, ही दत्तोबांच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत. घरचा गाईल तसा गाईल, पण पाहुण्याचा अभंग उचलून धरायचा. त्याचा सूर चुकला तर जास्तच जोरात धरायचा. धायरीची लेकरं ही टाळी आईच्या मांडीवर बसून शिकतात.

आणि लीगचा आग्रह होता, की घोषणा स्थानिक भाषेत हव्यात. निवेदकानं शुद्ध मराठीत आरोळी दिली, "स्वागत करू या... पाहुण्या संघाचं!"

जी टाळी झाली, ती ऐकून पाहुणा संघ दचकून मागे सरला. आजवर दुसऱ्याच्या मैदानात त्यांचं स्वागत बाटल्यांनी व्हायचं. डायनॅमोज आले तेव्हाही टाळी झाली, पण घरच्यासारखी, बेताची. थोड्या वेळानं निवेदक ओरडला, "गोल! पाहुण्यांचा गोल!" आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. विठ्ठलनामाच्या ठेक्यावर टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. दुसरा गोल झाला, टाळ्या वाढल्या. डायनॅमोजच्या गोलकीपरनं कमरेवर हात ठेवून प्रेक्षकांकडे पाहिलं. तर पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं त्याची मूर्ती पाहून त्यालाच हात जोडले.

मध्यंतरात आप्पासाहेब लाल होऊन आले. "दादा! हे काय चाललंय? आपली टीम निळी आहे, निळी!"

"म्हाईत हाय की."

"मग टाळ्या पिवळ्यांना कशाला?"

"आरं, पाव्हणे हायेत त्ये. त्यो पोऱ्याच सांगतोय की माइकवरनं."

"तुम्ही आपल्या बाजूचे!"

दत्तोबांनी खरोखरच विचार केला. कीर्तन ऐकताना बाजू कशी घ्यायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "आप्पा," ते म्हणाले, "जे बरं झालं त्याला टाळी द्यायची, येवढंच आमाला येतं. न्हाई म्हणायला, तुमच्या पोरांचं बरं झालं की त्यान्ला बी दिऊ. आधी होऊ तर द्या."

डायनॅमोज सडकून हरले. पाहुणे परत जाताना बसपाशी बायांनी त्यांच्या हातावर राजगिऱ्याचे लाडू ठेवले. पुढच्या सामन्यालाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. खुर्च्या मात्र भरल्या होत्या, टीव्हीवर टोप्यांचा पांढरा समुद्र दिसत होता, आणि दत्तोबा गवताच्या मधोमध डोळ्यांनीच हंडीची जागा ठरवत होते.

मोसम संपला आणि लीगच्या अधिकारी आल्या. ऋतिका मॅडम, कर्वेनगरच्याच, पण बोलणं आता सगळीकडचं. आप्पासाहेबांच्या ऑफिसात त्यांनी दत्तोबांना मुद्दाम बोलावून घेतलं.

"काका, तुम्हीच ना ते? अहो, दुसरीकडे अवे टीमची बस पोलीस बंदोबस्तात बाहेर काढावी लागते. इथे त्यांना लाडू! एकही शिवी नाही, एकही फाइट नाही. ऑनेस्टली, असे फॅन्स मी कुठेच पाहिले नाहीत."

दत्तोबांना संकोचल्यासारखं झालं. "वडलांची रीत हाय ती."

"म्हणूनच आम्ही ठरवलंय. हे स्टेडियम आता लीगचं न्यूट्रल व्हेन्यू. ज्या मॅचमध्ये टेन्शन, ती इथे. सेमीफायनल, फायनल, ज्युनिअर्स, सगळं इथे."

"न्यूट्रल म्हंजी?"

"म्हणजे घरचं कुणीच नाही. सगळेच पाहुणे."

"मग डायनामा?"

"तो मी विकला," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा फुलला होता. "दुसऱ्या शहरात जातोय. तिकडे त्याला स्वतःची माणसं मिळतील. स्टेडियम आपल्याकडेच."

दत्तोबा मॅडमकडे वळले. "आन् काल्याचा दिवस?"

ऋतिका मॅडमनी मोबाइल पाहिला, मग खरंच वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या, "सॉरी काका. त्या दिवशी मॅच आहे. संपूर्ण कॅलेंडर फुल आहे."

"तुमचीच पुण्याई, दादा!" आप्पासाहेबांनी दत्तोबांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही टाळ्या वाजवल्या नसत्या तर हे झालं असतं का? पण मी शब्द मोडणारा नाही. काला स्टेडियमातच. खाली पार्किंग आहे, प्रशस्त. पी-टू."

घरी येऊन दत्तोबा जेवले नाहीत. वडिलांच्या रीतीनं वडिलांना दिलेला शब्द खाल्ला होता. रीत मोडली असती तर शब्द राहिला असता. सरुबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही, त्यामुळे दत्तोबांना आणखीच जड झालं.

सप्ताह पी-टूमध्ये बसला. दत्तोबांना वाटलं होतं माणसं नाराज होतील. तर माणसं खूश! ऊन नाही, धूळ नाही, स्वच्छतागृह दोन पावलांवर. कीर्तनकार महाराज पहिल्या चालीलाच थरारले. "दत्तोबा, नाद काय घुमतो हो इथं! एक मृदंग तीन वाटतात. दरवर्षी हीच जागा धरा." वीणा मात्र रीतीप्रमाणे एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात होती, सबंध सप्ताहात जमिनीला टेकली नव्हती. तेवढी एक रीत जागची हलली नव्हती.

काल्याच्या सकाळी दत्तोबा पुढं मानाच्या जागी बसले नाहीत. उताराच्या तोंडाशी, चपलांच्या ढिगापाशी राखणीला बसले. "माझी आज हीच सेवा," म्हणाले. आतून महाराजांचा आवाज येत होता. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकरी, कुणाचं लोणचं, कुणाचं नुसतं ताक, आणि देवानं सगळं एकत्र कालवलं. मग घास उचलताना कुणाला कळेना आपला कोणता. टाळकरी पावली घालू लागले, पार्किंगचे खांब थरथरले.

तेवढ्यात वरून खडखड आवाज करत एक अख्खा संघ उतारावरून खाली आला. संध्याकाळच्या सामन्याचा सराव संपवून पोरं निघाली होती आणि त्यांची बस पी-टूच्या पलीकडच्या टोकाला होती. मध्ये कीर्तन. पिवळे कपडे पाहून दत्तोबांनी ओळखलं. पहिल्या टाळीला दचकून मागे सरले होते ते हेच. त्यांनीही टोपी ओळखली. पुढचा हसला आणि आत निघाला.

"माउली!" दत्तोबा उठले. त्यांनी बुटांकडे बोट केलं आणि मग जमिनीकडे.

भाषा कळायचं कारण नव्हतं. पोरांनी खाली बसून नाड्या सोडल्या, खिळ्यांचे बूट चपलांच्या शेजारी ओळीनं ठेवले आणि मोज्यांवर आत गेली. आतून कुणीतरी ओरडलं, "पाव्हणे आले!" आणि काँक्रीटच्या त्या गुहेत जी टाळी झाली, ती वर गवतावर रतनलाही ऐकू गेली असेल.

हंडी फुटली. सगळी प्रसादाकडे लोटली. दत्तोबा चपलांपाशीच राहिले. एक बूट कलंडला होता, तो सरळ करायला त्यांनी उचलला. तळाच्या खिळ्यांमध्ये काहीतरी अडकलं होतं. गवताच्या दोन काड्या, आणि त्यांच्या मुळाशी ओली, काळी माती. गवत बाहेरचं होतं. माती धायरीची.

त्यांनी नखानं ती माती हळूच सोडवली. तळहातावर घेतली. मग दोन बोटांत धरून कपाळाला लावली.

सरुबाई द्रोणातून काला घेऊन समोर उभ्या होत्या. "अवं, त्यो बुक्का न्हाई. माती हाय ती."

"म्हाईत हाय."

"कुठली?"

दत्तोबांनी वर, छताच्या पाइपांकडे बोट केलं. सरुबाईंनी वर पाहिलं, बुटाकडे पाहिलं, नवऱ्याच्या कपाळाकडे पाहिलं. मग द्रोण खाली ठेवला, पदर सावरला आणि वाकून कपाळ पुढं केलं.

"मग मला बी लावा की," त्या म्हणाल्या. "एकल्यानंच काय काला खाताय."