पांढऱ्यावरची सही

“हा चहा सांडलेला पांढरा,” बाबा म्हणाले आणि हात मागे बांधून पुढच्या टीव्हीकडे वळले.

शोरूममध्ये एका ओळीत अकरा टीव्ही होते आणि अकराही पडद्यांवर एकच बर्फाचा डोंगर होता. तो डोंगर शोधायला शोरूममधल्या टायवाल्या दादाला वीस मिनिटं लागली होती. आधी त्याने पोपट दाखवले, मग फळं, मग रंगीत कपडे घालून नाचणारी माणसं. बाबांनी त्याला फार गोड आवाजात सांगितलं की पोपट काय, कोणीही हिरवा दाखवील, तुम्ही आम्हाला पांढरं काहीतरी लावून द्या. एवढे महागाचे पडदे आणि या माणसाला बघायचाय पांढरा रंग, हे त्याच्या चेहऱ्यावर अगदी छापून आलं होतं. मला हसू दाबणं कठीण झालं.

पण त्याला काय माहीत, समोर कोण उभं आहे ते. माझे बाबा शिलाईचा दोरा रंगवणाऱ्या कारखान्यात शेड बघतात. गिऱ्हाइकाकडून कापडाचा बोटभर तुकडा येतो आणि हुबेहूब त्याच रंगाचा दोरा रंगवायचा असतो. तो रंगून, वाळून आला की त्याची एक लडी बाबांच्या खिडकीशी येते. बाबा ती उजेडात धरतात आणि म्हणतात ‘पास’ किंवा ‘परत’. सत्तावीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातून एक रीळ बाहेर गेलेलं नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मालकसुद्धा.

त्यातही पांढरा म्हणजे त्यांचा खास प्रांत. आपल्याला जो नुसता पांढरा दिसतो त्यात त्यांना कापूस, दूध, चुना, खडू, दात असं काय काय दिसतं. आणि त्यांची एक ऐट आहे. ते नमुना सकाळी एकदाच बघतात आणि खणात टाकतात. दुपारी लडी आली की खण उघडत नाहीत. नमुना शेजारी ठेवून तर कोणीही सांगेल, असं त्यांचं म्हणणं. शेड डोक्यात राहायला हवी.

आमच्या जुन्या टीव्हीतला लाल रंग दोन वर्षांपूर्वीच वारला होता. बातम्या देणारी माणसं बुडून वर आल्यासारखी दिसायची. तरी आम्ही तो चालवला. शेवटी आईनेच फर्मान काढलं की आता घ्यायचा तर एकदाच, आणि डोळ्यांना सुख होईल असा घ्यायचा. मी महिनाभर अभ्यास करून तक्ता बनवला. आकार, काळेपणा, उजेड, आवाज, सगळ्याला गुण दिले. माझ्या तक्त्यात पहिला आलेला टीव्ही ओळीत सातवा होता. तिथे पोचल्यावर मी श्वास रोखला.

“जुनं वर्तमानपत्र,” बाबा म्हणाले.

माझी महिन्याची मेहनत दोन शब्दांत रद्दीत गेली.

ते दहाव्या टीव्हीपाशी थांबले. दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली, खिशातला राखाडी कागद काढून दहा सेकंद त्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. याला ते डोळा धुणं म्हणतात. मग त्यांनी दादाला जवळ बोलावलं आणि सांगितलं की या सबंध ओळीत पांढरं फक्त यालाच कळलंय.

मी बघितलं. डोंगर निळा होता. किंचितसा नाही, चांगला निळा, नीळ जास्त पडलेल्या शर्टासारखा. मी दादाकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे. मी तोंड उघडलं. यंदा वर्गात हात वर करून बोलायला लागल्यापासून माझं तोंड जरा लवकरच उघडतं. पण तेवढ्यात आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तोंडातलं सगळं पोटात गेलं.

घरी येताना मी आईला गाठून कुजबुजत विचारलं, तुला तो निळा नाही दिसला? तिने बाबा चार पावलं पुढे आहेत याची खात्री केली.

“दिसला. पण चारचौघांत त्यांच्या रंगाला चूक म्हणायचं नाही. जे बोलायचं ते घरात.”

रविवारी सकाळी टीव्ही भिंतीवर लागला. मी खोटं बोलणार नाही, त्याला बघून मला नाचावंसं वाटलं. पंचावन्न इंच, कडा बोटाएवढ्या पातळ, आणि बंद असतानासुद्धा एखाद्या साहेबासारखा रुबाब. बाबांनी तो मऊ फडक्याने पुसला, मधोमध लागलाय की नाही ते पट्टीने मोजलं आणि मग आम्हाला सोफ्यावर बसवून सुरू केला.

सिनेमात एक बाई खिडकीत बसून पत्र वाचत होती. आई थोडा वेळ बघत राहिली.

“हिला थंडी वाजतेय का?” तिने विचारलं.

बाबांनी सांगितलं की गोष्ट उन्हाळ्यातली आहे, मघाशी लोक लिंबाचं सरबत पीत होते. आई बरं म्हणाली. आई औषधाच्या दुकानात काम करते. असा चेहरा घेऊन कोणी काउंटरवर आलं तर ती आधी स्टूल पुढे करते. मला तिच्याकडे बघवेना आणि टीव्हीकडेही बघवेना. बाबा मात्र तृप्त होते. बघा, खिडकीचा पडदा कसा स्वच्छ दिसतो, बाईच्या मागचा, असं दोनदा म्हणाले.

आता घरात होतो. चारचौघं नव्हते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बाबांची काळजी वगैरे नव्हती, मला माझा सातवा नंबर जिंकवायचा होता. मी म्हटलं, बाबा, एकदा तुमची कपाटातली पांढरी लडी याच्याशेजारी धरून बघा ना. बाबा हसले. नमुना लागतो का मला, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला नाही, मला लागतो. मला शिकवा.

शिकवा म्हटलं की बाबा विरघळतात. त्यांनी कपाटातून एक चपटा डबा काढला. त्यात काळ्या कागदात गुंडाळलेली पांढरी लडी असते, त्यांनी पास केलेल्या पहिल्या मालातली. ती बाहेर काढून त्यांनी टीव्हीतल्या बाईच्या मागे, खिडकीच्या पांढऱ्या पडद्याशेजारी धरली.

आणि ते थांबले.

लडी उलटी केली, पुन्हा धरली. मग म्हणाले की सत्तावीस वर्षांत पिवळी पडली बिचारी, काळा कागद तरी किती राखणार. मला ती पांढरीशुभ्र दिसत होती. मी धावत जाऊन वहीचं कोरं पान फाडून आणलं. बाबांनी ते धरलं आणि हल्ली कागदात काही राम नाही, असं म्हणून खाली ठेवलं. आईने उशीचा नवाकोरा अभ्रा पुढे केला. तो बाबांनी धरला, उलटा करून पुन्हा धरला आणि घडी घालून परत दिला.

मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. डब्याचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर मिठाचा लहानसा ढीग होता. पडद्याजवळ जाऊन त्यांनी हात वर धरला आणि बराच वेळ बघत राहिले, एकदा उजवा डोळा मिटून, एकदा डावा. सिनेमातली बाई पत्र वाचून संपवून निघून गेली तरी ते तसेच उभे.

“मीठ पिवळं पडत नाही,” ते म्हणाले.

कोणाला उद्देशून नव्हे. खिडकीशी उभं राहून ‘परत’ म्हणत असतील तो त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सरळ, न रागावलेला. मग त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं, जणू आम्हाला कळलं नसावं. लडी, कागद, अभ्रा, मीठ, सगळं एका रात्रीत पिवळं होत नाही. तेव्हा खोट मालात नाही, बघणाऱ्यात आहे. दोन्ही डोळ्यांवर पिवळी काच चढली आहे आणि ती इतकी हळूहळू चढली की त्यांना तिची सवय झाली. म्हणून निळ्यावर गेलेला पांढरा तेवढा त्यांना खरा वाटला.

आईने त्यांच्या हातातलं मीठ आपल्या हातात घेतलं. तिने सांगितलं की हा मोतीबिंदू असेल, रोज दहाजण त्याचे थेंब घ्यायला येतात, आणि ऑपरेशन झालं की तिसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन तिला सांगतात की तुमचं दुकान आज फार उजळ दिसतंय. डॉक्टरांची वेळ ती उद्याच घेणार होती. बाबांनी मान डोलावली. पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं. ते शुक्रवारच्या मालाचा विचार करत होते. शुक्रवारी त्यांनी पांढरा पास केला होता.

त्यांनी चिमटीला फोन लावला. चिमटी म्हणजे कारखान्यातली त्यांची मदतनीस. रंगाची पूड तोलताना शेवटची चिमूट तिच्या हातची अचूक पडते म्हणून बाबांनीच ते नाव ठेवलं. तिला आता दोन मुलं आहेत, तरी नाव तेच. बाबांच्या हाताला मीठ लागलेलं म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

बाबांनी तिला सांगितलं की शुक्रवारचा पांढरा थांबव, माझा डोळा बरोबर नाही. तिने हळूच सांगितलं की तो तिने शुक्रवारीच थांबवला होता. गेल्या हिवाळ्यापासून मास्तरांनी पास केलेली प्रत्येक लडी ती रंग मोजणाऱ्या यंत्राखाली घालून पुन्हा बघत होती.

“किती निघाल्या?” बाबांनी विचारलं.

“चार.”

“पांढऱ्याच?”

“पांढऱ्या तीन. एक आकाशी.”

“आकाशीसुद्धा,” बाबा म्हणाले.

ते शब्द त्यांनी इतके हलके उच्चारले की मला माझा तक्ता फाडून टाकावासा वाटला. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चिमटी तिकडून घाईघाईने सांगत होती की मालकांना काही माहीत नाही, कुणालाच नाही, माल तिने स्वतः पुन्हा रंगवून घेतला, आणि तुम्हीच कधीतरी सांगाल म्हणून ती गप्प राहिली. बाबांनी तिला पुरतं बोलू दिलं.

“चिमटे, मालकांना उद्या मी सांगतो. आणि उद्यापासून सही तुझी.”

“तुम्ही परत येईपर्यंत ना?”

“परत आल्यावरही. आधी तू बघायचंस, मग मी.”

“पांढऱ्यावर सही करताना हात थरथरेल माझा, मास्तर.”

“थरथरू दे. माझा पहिली दोन वर्षं थरथरत होता.”

फोन बंद झाल्यावर बाबांनी हात धुतले, नीट पुसले आणि येऊन बसले. मला वाटलं होतं ते खचतील. पण खूप दिवस दाबून धरलेली शिंक एकदाची येऊन गेल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. त्यांनी मला विचारलं की हा टीव्ही दुरुस्त करता येतो की तुझा सातवा नंबर आणायचा. मी म्हटलं, येतो, आतमध्ये रंगाची एक सोय असते. त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला.

मी रंगाची छटा ‘थंड’वर होती ती ‘उबदार’वर नेली, दोन पायऱ्या अजून खाली आणली, आईकडे बघत बघत. एका जागी आई थांब म्हणाली. पडद्यावर पुन्हा ती बाई आली होती आणि तिच्या गालात रक्त आलं होतं.

“तुम्हाला कसं दिसतंय?” आईने बाबांना विचारलं.

त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की वाईट दिसतंय. मी लगेच रिमोट उचलला. त्यांनी माझा हात खाली केला.

“राहू दे. तुम्हा दोघींना नीट दिसतंय ना, तसंच राहू दे.”

मग आम्ही तिघंही बघत बसलो. टीव्ही खरोखर सुंदर होता. बाईची गाडी एका घाटातून वळत वळत खाली उतरली आणि समोर समुद्र आला, भिंतभर.

“कसा आहे?” बाबांनी विचारलं.

“निळा,” आई म्हणाली.

“निळा आहे एवढं कळतंय गं. कसला निळा?”

आई सोफ्याच्या कडेला सरकली. चष्मा नाकावर नीट बसवून तिने पडद्याकडे निरखून बघितलं.

“काठाला फिका आहे. पुढे गेल्यावर जरा हिरवट होतो, आणि मग एकदम गडद... थांबा, बदलला.”

“सावकाश सांग,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी मान मागे टेकून डोळे मिटून घेतले.