सहाव्या आणि सातव्याच्या मधोमध

मी एक डबा बोलतोय. लिफ्ट अडकली की माणसांना बाहेर काढणारा डबा. तुम्ही मला कधी पाहिलेलं नसणार, कारण मी गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत भिंतीला टांगलेला असतो. रंग राखाडी, अंगावर दोन दिवे, एक हिरवा आणि एक लाल. वीज गेली की पोटातल्या बॅटऱ्यांच्या जोरावर मोटर फिरवायची, लिफ्ट जवळच्या मजल्यावर न्यायची आणि दार उघडायचं, हे माझं काम. लिफ्टवाले मला एआरडी म्हणतात.

माझा जन्म जयपूरचा, मुरलीपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यातला. सोनम नावाच्या तरुण कारागीर बाईनं माझी एकेक तार जोडली. मग मला एका मोटरला जोडून तिनं धाडकन मुख्य बटण बंद केलं. क्षणभर मी गांगरलो. सगळीकडची वीज गेली होती आणि माझ्यात मात्र होती!

"चल, अब तू दिखा!" सोनम म्हणाली.

मी सगळा जोर लावला आणि मोटर फिरली. सोनमनं टाळी वाजवली. तो आनंद काय सांगू तुम्हाला!

जयपुरातच, खातीपुऱ्यातल्या एका नऊ मजली इमारतीत मला बसवलं. पहिल्या वर्षात मी अकरा वेळा माणसं सोडवली. लिफ्टमधल्या इंटरकॉमच्या तारा माझ्या शेजारूनच जातात, त्यामुळे आतलं बोलणं मला ऐकू येतं. गंमत म्हणजे लिफ्ट पुन्हा हलली की सगळे एकच बोलत, "चलो, लाइट आ गई!" लाइट कुठली आलेली? ती तर मीच आणली होती. पण मला राग यायचा नाही. दार उघडल्यावर सुटलेला तो श्वास ऐकला की मी खूश.

मग माझ्याकडे कोणी फिरकेनासं झालं. देखभालीचा माणूस दरमहा यायचा, खाली चौकीदाराच्या वहीत सही करायचा आणि तिथूनच परत जायचा. मशीनच्या खोलीला पत्र्याचं दार. मे महिन्यात आत इतकं तापे, की माझ्या बॅटऱ्या फुगून टम्म झाल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात माझा लाल दिवा लागला. मी तो रात्रंदिवस लावून ठेवला, पण बघणार कोण?

आणि जूनमधली ती सकाळ उजाडली.

सातव्या मजल्यावर वीणाताई कर्णिक राहतात. मूळच्या सांगलीच्या. यजमान मोरेश्वर विमा कंपनीत अधिकारी, बदली होऊन इकडे आलेले. मुलगी सावनी इंजिनिअरिंगला. वीणाताई शहरातल्याच झालाना भागातल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी करत. गुडघे दुखरे, म्हणून जिना वर्ज्य. त्या दिवशी पावणेनऊला त्या एकट्याच लिफ्टमध्ये शिरल्या, आणि सहाव्या-सातव्याच्या मधोमध वीज गेली.

मी उठलो. म्हणजे उठायला गेलो. आत 'खट्' झालं, आणि पुढे काही नाही. बॅटऱ्यांत प्राणच नव्हता. मोटर हलेना. लिफ्टमधला छोटा दिवासुद्धा माझ्याच जिवावर चालतो, तोही लागला नाही.

"भैया, कोई है? भैया!" वीणाताई हाका मारत होत्या. मग हाका थांबल्या आणि नुसती धाप ऐकू येऊ लागली. मी वर भिंतीला टांगलेला, आणि काही म्हणजे काही करू शकत नव्हतो.

चाळीस मिनिटांनी चौकीदारानं वर माझ्या खोलीत येऊन मोटरचं चाक हातानं फिरवलं. वीणाताई सातव्या मजल्यावर रांगतच बाहेर आल्या.

त्यानंतर त्या लिफ्टमध्ये चढल्या नाहीत. जिना तर उतरवतच नव्हता. आधी रजा टाकली, मग बिनपगारी रजा. पाच महिने त्या सातव्या मजल्यावरच राहिल्या. दिवाळीची रोषणाईदेखील त्यांनी खिडकीतूनच पाहिली.

नोव्हेंबरात एके दिवशी सावनी किल्ली मिळवून थेट माझ्या खोलीत आली. "अरे, हा तर लाल आहे! मतलब, बिघडलाय कधीपासून!" ती ओरडली. माझ्या झाकणावर कारखान्याचा नंबर होता. तिनं तिथल्या तिथे फोन लावला.

सोसायटीचे सेक्रेटरी शेखावतजी मागोमाग धापा टाकत आले. "बेटा, लिफ्ट चल तो रही है."

"अंकल, लिफ्ट चल रही है," सावनी म्हणाली. "मेरी आई नहीं चल रही."

वहीतल्या सह्या शेखावतजींनीही कधी तपासल्या नव्हत्या. "बुला लो जिसको बुलाना है," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोण आलं माहितेय? सोनम! आता ती जागोजागी जाऊन आमची दुरुस्ती करते. तिनं माझं झाकण उघडलं, फुगलेल्या बॅटऱ्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. नव्या बॅटऱ्या बसल्या तशी माझ्या अंगातून सणसणत वीज फिरली. हिरवा दिवा लागला!

आता परीक्षा घ्यायची होती. आत माणूस असताना वीज तोडायची. सावनी आत उभी राहणार होती. सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आणि मला इंटरकॉमवर ओळखीचा आवाज ऐकू आला.

"मीही येते."

"आई, अगं नको. आधी मी बघते ना!"

"तू सुटलीस म्हणून माझी भीती जाणार आहे का? सरक."

मोरेश्वर बाहेरून म्हणाले, "वीणा, विचार कर."

"पाच महिने तेच केलंय," त्या म्हणाल्या. दार बंद झालं. लिफ्ट खाली निघाली.

सोनमनं बटणावर हात ठेवला. "आंटीजी, तैयार?"

"तयार."

वीज गेली.

लिफ्ट थांबली. आतला छोटा दिवा मी लगेच लावला. पण पुढची आठ सेकंदं मला थांबावंच लागतं. वीज खरंच गेलीय का, दारं नीट लागलीत का, हे पाहिल्याशिवाय हलायची मला मुभा नाही. आठच सेकंदं! वीणाताईंची धाप वाढली. "सावनी, हात दे. सावनी!" चार... पाच... माझा जीव कासावीस झाला. सात... आठ!

मी ब्रेक सोडला. मोटर फिरली. लिफ्ट संथपणे हलली.

"अगं, ही वर का चाललीय? मला खाली जायचंय!"

इंटरकॉमवर सोनम हसली. "आंटीजी, अंदर वजन कम हो तो दूसरी तरफ का भार उसे ऊपर ही खींचता है!"

सातव्या मजल्यावर दार उघडलं. समोर मोरेश्वर आणि शेखावतजी. मी वाट पाहत होतो, वीणाताई धावत बाहेर पडतील. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"सोनम," त्यांनी वर आवाज दिला, "फिर से बंद करो."

त्या दिवशी सोनमनं तीन वेळा वीज तोडली आणि तिन्ही वेळा मी त्यांना आणून सोडलं. तिसऱ्या खेपेला त्या आत मोजत होत्या, "सहा, सात, आठ... चला, निघाला!" चौथ्या खेपेला त्या सरळ तळमजल्यावर गेल्या आणि फाटकाबाहेर चालत्या झाल्या. सावनीला मागून पळावं लागलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शेखावतजी स्वतः वर येऊन वीज तोडतात आणि माझी परीक्षा घेतात. वीणाताई सोमवार ते शुक्रवार पावणेनऊला खाली उतरतात. तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्याही गच्चीवर माझा एखादा भाऊ टांगलेला असेल. एकदा वर जाऊन त्याचा दिवा कुठल्या रंगाचा आहे तेवढा बघा. आणि बॅटऱ्या...

थांबा! वीज गेली. लिफ्टमध्ये कोणीतरी आहे, आवाज येतोय. एक... दोन... तीन... माफ करा, मला निघायला हवं!