सगळ्यात खालची ओळ

गेलेल्या भावाच्या, अनुपच्या, पुण्यानुमोदनाच्या विधीला हर्षा पुण्याहून वरठीला घरी आली, तेव्हा लॅपटॉप सोबत होताच. प्रथिनाची अक्षरं वाचून ते शरीरात कोणतं काम करतं हे सांगणाऱ्या चार संगणकी पद्धती तिने एकाच परीक्षेला बसवल्या होत्या. चौथी तिची स्वतःची, चार वर्षांच्या मेहनतीची. तीच पहिली आली होती. शोधनिबंध सोमवारी पाठवायचा होता.

बुद्धवंदना आटोपली, पाहुणे जेवून गेले. ओसरीवर बसून तिने, काय मनात आलं कोण जाणे, भावाचं बिघडलेलं प्रथिन आपल्या पद्धतीला दिलं. अनुप तेविसाव्या वर्षी सिकलसेलने गेला होता. त्या आजारात रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाचं एकच अक्षर बदललेलं असतं.

"काय पाहून राहिली?" आईने, रत्नमालाबाईंनी, विचारलं.

"अनुपच्या रक्ताचं. मशीन म्हणते, हे प्राणवायू वाहून नेते. नव्व्याण्णव टक्के खात्री."

"अन् बिघाडाचं?"

"काहीच नाही. चांगल्या माणसाचं देल्लं तरी हेच म्हणते."

"मंग ते वाचते कुठं, बाई? तोंडवळा पाहून सांगून राहिली."

हर्षाला ते लागलं. बिघाड ओळखणं पद्धतीचं काम नव्हतंच, असं ती म्हणू शकली असती. त्याऐवजी तिने परीक्षेची सगळी प्रथिनं पद्धत ज्यांवरून शिकली त्या प्रथिनांच्या यादीशी ताडायला लावली. उत्तर यायला संध्याकाळ झाली. निम्म्याहून अधिक प्रथिनांची जवळजवळ जुळी भावंडं पद्धतीने शिकतानाच पाहिली होती. पेपर फुटला होता, आणि यादी तिनेच केली होती. जुळी वगळून परीक्षा पुन्हा घेतली, तर तिची पद्धत शेवटी गेली.

तिने मार्गदर्शक सरांना फोन लावून हे सांगितलं, आणि निबंध याच निकालासह नव्याने लिहायचा म्हणाली.

"इतरांनीही अशाच याद्या वापरल्यात, हर्षा."

"म्हणूनच, सर."

"जूनमध्ये तुझी फेलोशिप संपते."

"माहीत आहे."

मग सर म्हणाले, "बरं. पण चूक लिहिताना माझंही नाव घे. यादी मी तपासली होती."

फेलोशिप संपली. हर्षा वर्षभर भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. निबंध छापून आला त्या दिवशी तिने आईला गुणतक्ता दाखवला.

"तुई कोणती?"

"सगळ्यात खालची."

रत्नमालाबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.