पंपाला किती?

ब्याण्णव साली भिकुअक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, मुंबईहून परत आणलं. पोटातली गाठ आता काढण्यासारखी राहिली नाही, घरीच ठेवा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शिंदखेड्याला घरी जाण्याआधी तिचे यजमान, धनसिंग दाजी, धुळ्यात माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. अक्का बाहेर जीपमध्ये आडवी होती.

टेबलावर काचेची बशी होती. तिच्यातल्या जंतूंच्या दुधी थरात एक स्वच्छ गोल उमटला होता.

"हाई काय शे, मास्तर?"

"तिथले जंतू मेले."

"काय टाकं व्हतं?"

मला गप्प बसवेना आणि दुसरं काही सुचेना. मी रुथेनियम या धातूबद्दल बोलू लागलो. त्याच्यापासून आम्ही हे संयुग बनवलंय. तसल्याच संयुगांनी उंदरांच्या गाठी आक्रसल्याचं परदेशी मासिकात आलंय. आपण कुणाला काय सांगतोय, हे उशिरा लक्षात आलं.

"मंग तिले दे ना थोडं."

"ते औषध नाही, दाजी. विष आहे."

"आम्ही कपाशीवर मारतस तेबी विषच शे. त्याले औषधच म्हनतस. पंपले कितलं टाकानं, इतलं सांग."

खरंच, तेवढंच सांगायचं होतं. किती दिलं तर गाठ मरेल आणि अक्का उरेल. माझ्या जागी दुसरा हुशार माणूस असता तर त्याला ते ठाऊक असतं, असं मला वाटत राहिलं. पण ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"इतलं वाचीसन बी?"

मी त्यांच्यामागून जीपपर्यंत गेलो. दाजींनी अक्काला सगळं सांगितलं. ती हसली.

"मी काय कपाशी शे? चला, ऊन व्हई राह्यनं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जाय रे भाऊ. पोरे वाट देखतीन."

मी वर्गावर गेलो. शिकवलं.

अक्काचं तेरावं करून कॉलेजात आलो, तेव्हा नव्या संयुगाची बशी तयार होती. पट्टीने गोल मोजला. आधीच्यापेक्षा बराच मोठा होता.

"वा! हा मस्त आला," शेजारच्या टेबलावरून गिरधर सर म्हणाले.

मी हो म्हणालो आणि बशीवर झाकण ठेवलं.